गणेशखिंडीनंतरची दोन वर्षे

२२ जून १८९७ ही तारीख पुण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा सोहळा, गणेशखिंडीचा रस्ता, ‘गोंद्या आला रे’ ही हाळी आणि रँडचा वध एवढ्यावर गोष्ट सांगून होते. पण त्या रात्रीनंतर येरवड्यातली शेवटची फाशी व्हायला जवळजवळ दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत पुण्यावर जादा पोलिस बसले, टिळक तुरुंगात गेले, नातू बंधू खटल्याशिवाय डांबले गेले, गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली, सदाशिव पेठेत आणखी दोन माणसे गोळ्यांनी पडली आणि एका पोलिस अधिकाऱ्यावर पिस्तूल रोखले गेले. चापेकरांबद्दल काही म्हणायचे तर या सगळ्यासकट म्हणावे लागते.

सुरुवात प्लेगपासून. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत तो घाट चढून पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये शहरातले मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या दुप्पट झाले होते आणि निम्म्याच्या आसपास लोक घरांना कुलपे लावून गावोगाव पांगले होते. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. तोच कायदा २०२० साली कोरोनाच्या वेळी आपल्याकडे पुन्हा लागू झाला, म्हणून आजच्या वाचकाला त्याचे नाव तरी ठाऊक आहे. त्या कायद्याने सरकारला हवे ते उपाय योजायची मुभा मिळाली आणि पुण्यासाठी एक खास प्लेग कमिटी नेमली गेली. तिचा अध्यक्ष होता वॉल्टर चार्ल्स रँड. साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर असताना कडक हाताचा अंमलदार म्हणून त्याचा लौकिक झालेला होता.

कमिटीने १३ मार्चला काम सुरू केले. त्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करत होत्या. आजारी पोराला उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला. त्या मार्चमधले पुणे समजून घ्यायचे तर हा मृत्यू आणि रँडची पलटण, दोन्ही एकत्र पाहावे लागतात. माणसे किड्यामुंगीसारखी मरत होती आणि काहीतरी करणे भाग होते. प्रश्न होता तो कसे करायचे याचा.

रँडने गोऱ्यांच्या आणि देशी पलटणींतले मिळून ८९३ अधिकारी व शिपाई कामाला लावले. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीच्या मेजर पॅजेटकडे त्यांची सूत्रे होती. सकाळी एका पेठेला वेढा पडायचा आणि तुकड्या घरोघर शिरायच्या. जिथे घरच्या माणसालाही सोवळ्याशिवाय जाता येत नव्हते त्या स्वयंपाकघरात आणि देवघरात शिपाई बुटांसकट जायचे. माणसांना उघड्यावर उभे करून काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते तपासले जायचे, आणि त्यातून बायकाही सुटत नव्हत्या. रोगी सापडला की त्याची रवानगी इस्पितळात आणि घरच्यांची विलगीकरणाच्या छावणीत. मागे राहिलेल्या घराची जमीन खणायची, उजेड यावा म्हणून कौले काढायची, भिंतींना चुना फासायचा, कपडेलत्ते जाळायचे. मृत्यूची नोंद झाल्याखेरीज प्रेत उचलायला बंदी होती.

यातले काही उपाय त्या काळच्या वैद्यकाला धरून होते हे मान्य करावे लागते. पण घर तपासणारा हातात बंदूक असलेला परदेशी सोल्जर असेल आणि त्याची भाषा घरातल्या म्हातारीला कळत नसेल, तर चुना फासणे हीसुद्धा विटंबना वाटते. आणि विटंबना झालीच. सरदार नातूंनी तक्रारींमागून तक्रारी केल्या. टिळकांनी पुणे सोडले नाही, हिंदू प्लेग इस्पितळ उभे केले आणि ‘केसरी’तून कमिटीच्या कारभारावर कोरडे ओढले. सनातन्यांशी ज्यांचे कधीच पटले नाही त्या पंडिता रमाबाईंनीही सरकारी इस्पितळात बायकांच्या वाट्याला काय येते याबद्दल वर्तमानपत्रात लिहिले. ही तक्रार केवळ सोवळ्याओवळ्याची होती असे म्हणणाऱ्यांनी रमाबाईंचे ते पत्र लक्षात ठेवावे. रँडने मात्र आपल्या अहवालात, बायकांच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची विश्वासार्ह तक्रार एकही आली नाही, असे समाधानाने नोंदवले. मेच्या मध्यापर्यंत झडत्या थांबल्या होत्या आणि साथही ओसरली होती.

म्हणजे गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा झडत्या थांबून महिना उलटून गेला होता. हे ध्यानात घेतले की दामोदर हरी चापेकर या माणसाकडे नीट पाहावे लागते. क्षणाच्या संतापात उचललेले हे पाऊल नव्हते.

चापेकर मूळचे चिंचवडचे. मोरया गोसावींच्या त्या गावात एकेकाळी बऱ्या स्थितीत असलेले हे घराणे उतरणीला लागले आणि वडील हरी विनायक कीर्तनावर प्रपंच चालवू लागले. मुलगे त्यांच्या मागे साथीला असत. थोरले दामोदर, मधले बाळकृष्ण, धाकटे वासुदेव. गावोगाव हिंडताना शिक्षण तुटक राहिले. दामोदरांना लहानपणापासून ओढ होती ती पलटणीची. सैन्यात घ्यावे म्हणून त्यांनी खटपट केली, ती फळली नाही. मग पोरे जमवून तालीम, लाठी, धावणे सुरू झाले. हिंदू धर्माच्या आड येणाऱ्यांचा बंदोबस्त करणे हा या मंडळाचा उद्देश होता, आणि त्या आड येणाऱ्यांत इंग्रजांइतकेच सुधारकही मोडत. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली ती याच भावांनी. पुण्यात सुधारकांवर अंधारात हात टाकणारेही हेच.

हे सारे त्यांच्या शत्रूंनी रचलेले नाही. येरवड्याच्या कोठडीत दामोदरांनी स्वतःच्या हाताने आत्मवृत्त लिहिले, त्यात हे आहे. सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतर करवून दप्तरात ठेवले आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनेच स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांच्या खंडात ते छापले. मला हे लिखाण फार मोलाचे वाटते. फाशीच्या सावलीत बसलेला माणूस सहसा स्वतःला सोज्वळ करून मांडतो. दामोदरांनी तसे केलेले नाही. कोणाला मारले, कुठे पळालो, कोणाचा राग आला हे सगळे ते सांगतात, आणि काही ठिकाणी तर वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते. सुधारकांचा त्यांना येणारा राग आज कोणी समर्थनीय म्हणणार नाही. पण तो वगळून उरलेले दामोदर हे दुसरेच कोणीतरी असतील.

त्या रात्रीची हकिगतही त्यांच्याच तोंडची आहे. गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. तिथे गव्हर्नर सँडहर्स्टची मेजवानी होती. दामोदर आणि बाळकृष्ण संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास पोहोचले. अंधार पडला होता, आजूबाजूच्या टेकड्यांवर होळ्या पेटवलेल्या होत्या आणि रोषणाई बघायला माणसांची झुंबड उडाली होती. जवळ पिस्तुलांबरोबर तलवारी नि कुऱ्हाडीही होत्या. एवढे ओझे घेऊन गर्दीत वावरले तर कोणाच्याही नजरेत भरणार, म्हणून ती हत्यारे रस्त्यालगत दगडी मोरीखाली ठेवून दिली. रँडची गाडी येताना दिसली, त्यांनी ती ओळखली, पण हात आवरला. परतताना गाठायचे ठरले.

मग तासन्‌तास वाट पाहणे. दामोदर फाटकापाशी थांबले, बाळकृष्ण पुढे पिवळ्या बंगल्याजवळ. मध्यरात्रीच्या सुमारास रँडची गाडी बाहेर पडली तसे दामोदर दहा-पंधरा पावले अंतर राखून तिच्यामागे पळत सुटले. पिवळा बंगला आला, त्यांनी अंतर तोडले, ‘गोंद्या’ अशी ठरलेली हाक दिली, गाडीचा मागचा पडदा सोडवून वर केला आणि वीतभर अंतरावरून गोळी झाडली. दोघांनीही रँडवरच नेम धरायचा असे ठरले होते. बाळकृष्ण मागे पडले, गाडी पुढे निघून गेली. पाठोपाठ दुसरी गाडी आली. तिच्यातली माणसे आपसात कुजबुजताहेत असा बाळकृष्णांना संशय आला आणि त्यांनी मागून एकाच्या डोक्यात गोळी घातली. तो लेफ्टनंट आयर्स्ट. जागच्या जागी गेला. रँड ससून इस्पितळात अकरा दिवस झगडला आणि ३ जुलैला मरण पावला.

आयर्स्टचे नाव आपण रँडला जोडून एका दमात घेतो. त्याला मारायचे कोणी ठरवले नव्हते. मागच्या गाडीतल्या कुजबुजीपायी तो गेला. चापेकरांबद्दल आदर असणाऱ्याने हेही मोकळेपणाने सांगावे असे मला वाटते. त्याने आदर उणावत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुणे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. मारेकऱ्यांचा माग लागेना. सरकारने वीस हजारांचे इनाम लावले, म्हणजे साध्या कारकुनाने जन्मभर नोकरी करून गाठीला न बांधलेली रक्कम. शहराच्या खर्चाने जादा पोलिस बसवले गेले. इंग्रजी पत्रांनी पुण्याच्या ब्राह्मणांकडे आणि ‘केसरी’कडे बोट दाखवले. जूनच्या मध्यावर शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता ‘केसरी’त आली होती. तेवढ्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि १४ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावली. खुनाशी त्यांचा संबंध सरकारला कोर्टात मांडताही आला नाही. नातू बंधूंच्या नशिबी खटलाही नव्हता. १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनचा आधार काढून त्यांना नुसतेच उचलले आणि स्थानबद्ध केले.

याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून कळवलेल्या गोष्टींवर, दोन स्त्रियांवर सोल्जरांनी अत्याचार केल्याच्या आरोपावर विसंबून ते तिथल्या वर्तमानपत्राशी बोलले. मायदेशी परतल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघड साक्षीला येईना. दडपशाहीचे दिवस, शिवाय आपल्या घरच्या बाईचे नाव कोर्टात कोण घेणार? गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि मग स्वकीयांकडूनच भित्रेपणाचा ठपका सोसला. मला ती माफी भित्रेपणाची वाटत नाही. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे एवढे त्यांनी केले, आणि ज्यांच्या शब्दावर ते बोलले त्यांची नावे ओठांवर येऊ दिली नाहीत.

तपास ब्रुइन या पोलिस अधिकाऱ्याकडे होता. धागा मिळाला तो येरवड्याच्या तुरुंगातून. गणेश शंकर द्रविड हा फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. त्याचा आणि भाऊ रामचंद्र याचा चापेकरांशी परिचय होता. त्यांनी तोंड उघडले आणि दामोदर पकडले गेले. ८ ऑक्टोबर १८९७ रोजी त्यांचा जबाब नोंदवला गेला. झडत्यांत देवस्थाने बाटवली गेली, मूर्ती फोडल्या गेल्या, त्याचा सूड घ्यायचा होता, असे त्यांनी सांगितले. तोच कबुलीजबाब धरला गेला. भारतीय दंडविधानाच्या ३०२ कलमाखाली खटला चालला, फाशी झाली आणि १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात ती अमलात आली. टिळकही तेव्हा तिथेच शिक्षा भोगत होते. अर्ज लिहायला त्यांनी मदत केली आणि आपली गीतेची प्रत दामोदरांना दिली, ती हाती धरूनच दामोदर वधस्तंभाकडे गेले, असे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

बाळकृष्ण निसटले होते. निजामाच्या मुलखात रानावनात ते दिवस काढत राहिले आणि १८९९ उजाडता उजाडता कोणा ओळखीच्याच्या फितुरीने सापडले. धाकटे वासुदेव पुण्यात होते, पोलिसांच्या डोळ्यांसमोर. त्यांनी विशीही गाठली नव्हती. एक भाऊ फासावर गेलेला, दुसरा बेड्यांत, आणि ज्यांच्या खबरीने हे झाले ते द्रविड बंधू इनामाचे पैसे घेऊन त्याच शहरात राहत होते, चार गल्ल्या ओलांडल्या की भेटतील असे. वासुदेवांच्या त्या महिन्यांची कल्पना करताना मला दामोदरांपेक्षाही त्यांचीच जास्त कणव येते.

८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री सदाशिव पेठेत द्रविडांच्या दाराशी पंजाबी वेशातले दोघे आले. ब्रुइनसाहेबांनी फरासखान्यावर बोलावले आहे, असा निरोप त्यांनी दिला. पोलिसांचे बोलावणे द्रविडांना नवे नव्हते. दोघे भाऊ घराबाहेर पडले. थोडे पुढे गेल्यावर अंधारात मागून गोळ्या सुटल्या. दोघांनाही वाचवता आले नाही. निरोप घेऊन आलेले वासुदेव चापेकर आणि त्यांचे मित्र महादेव विनायक रानडे होते.

ही हत्या गणेशखिंडीपेक्षा मला जास्त अस्वस्थ करते. रँडला मारणाऱ्यांपुढे एक सत्ता होती, तिच्या हाती फौज होती. इथे सदाशिव पेठेतल्या पोरांनी सदाशिव पेठेतल्याच माणसांना हाक मारून बाहेर काढले. द्रविडांनी पैशासाठी जे केले ते नीचच होते. पण त्यांच्याही घरात त्या रात्री टाहो फुटला असेल, आणि शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली असतील की धावले असतील, हा विचार त्या पेठेतून जाताना मनातून जात नाही.

हात तेवढ्यावर थांबला नाही. तपासात पुढे असलेले चीफ कॉन्स्टेबल रामा पांडू यांच्यावरही गोळी झाडण्याचा प्रयत्न झाला. ते बचावले. वासुदेव, रानडे आणि त्यांचे साथीदार खंडो विष्णू साठे हे तिघे पकडले गेले. मुंबईच्या गव्हर्नराचा किंवा गोऱ्या कमिटीचा पत्ता या वेळी नव्हता. ज्याच्यावर पिस्तूल रोखले तो देशी पोलिस होता, ज्याचे काम खुन्याचा माग काढणे हे होते. राज्य परक्यांचे असले की पोलिसाच्या साध्या कर्तव्यालाही फितुरीचा वास येऊ लागतो, आणि वर्दीतला मराठी माणूस दोन्हीकडून परका होतो. पुढच्या पन्नास वर्षांत हा पेच पुन्हा पुन्हा आला. १८९९ च्या पुण्यात तो उघड्या रस्त्यावर दिसला.

खटले मार्चमध्ये सुरू झाले आणि लवकरच आटोपले. साठे वयाने लहान म्हणून दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर सुटले. बाकीच्या तिघांना फाशी. ८ मे १८९९ ला वासुदेव, १० मेला रानडे, १२ मेला बाळकृष्ण. म्हणजे येरवड्याच्या भिंतीआड पाच दिवसांत तीन फाशी, आणि त्यातल्या दोन सख्ख्या भावांच्या. धाकटा आधी गेला. चिंचवडच्या त्या घरातले तिन्ही मुलगे तेरा महिन्यांच्या आत संपले.

नाशिकजवळच्या भगूरला विनायक सावरकर नावाच्या शाळकरी मुलाने चापेकरांच्या फाशीच्या बातमीनंतर देवीपुढे शपथ घेतली, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. १९०९ साली नाशिकच्या थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांना पुन्हा गणेशखिंड आठवली. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट काढला. आज चिंचवडला चापेकर चौक आहे, पुतळे आहेत, जुन्या वाड्यात स्मारक आहे. तिथे शाळांच्या सहली येतात. त्या मुलांना आत्मवृत्तातली चार पाने वाचून दाखवावीत, डांबर फासल्याची आणि पळत्या गाडीची, तशीच सुधारकांवरच्या रागाचीही. मुलांना प्रश्न पडतील, ते पडू द्यावेत.

इंग्रज सरकारने मात्र आपला निष्कर्ष काढून ठेवला. १९१८ साली न्यायमूर्ती रौलट यांच्या कमिटीने हिंदुस्थानातल्या क्रांतिकारक कटांचा अहवाल दिला, तेव्हा त्याचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्याचे, आणि त्यात गणपती-शिवाजी उत्सव, प्लेग आणि चापेकर. पुढच्या वर्षी त्या अहवालातून जो कायदा आला त्यात माणसाला खटल्यावाचून डांबून ठेवायची तरतूद होती. नातू बंधूंनी १८९७ च्या जुलैत एका जुन्या रेग्युलेशनखाली जे भोगले, ते आता देशातल्या कोणाच्याही वाट्याला येऊ शकत होते. एप्रिल १९१९ मध्ये या कायद्याविरुद्ध गांधींनी हरताळ पुकारला.